एक हजार एक ठिपके

सानगडीच्या मंडईत यंदा जो गोंधळ झाला, त्याला एक ठिपका जबाबदार होता. एकच. आणि तो कमलेशभाऊंनी वाढवला होता.

दिवाळी सरली, लवकर पिकणारा हलका धान कापून झाला, की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाळणे लागतात, जिलेबीचे ठेले लागतात, घरोघरी पाहुणे उतरतात. कमलेशभाऊंचं बाजारात भांड्यांचं दुकान. यंदा त्यांच्या मनात आलं, दरवर्षी सगळी मजा गडीमाणसांचीच का? म्हणून त्यांनी बायांसाठी ठिपक्यांच्या रांगोळीची स्पर्धा ठेवली. पहिलं बक्षीस, पाणी भरायचा पितळेचा गुंड, तोही चांगला जाड पत्र्याचा. नियम असा की ठिपके बरोबर एक हजार, सगळ्या ओळी सारख्या, एकही ओळ अर्धी सोडायची नाही. बायांनी चुटकीसरशी बसवलं. कोणी चाळीस ठिपक्यांच्या पंचवीस ओळी धरल्या, कोणी पन्नासच्या वीस.

पण फ्लेक्स छापायला देताना कमलेशभाऊंचा हात अडखळला. नुसता हजार? लग्नात आहेर कोणी शंभराचा करतं का? एकशे एकाचा करतात. शून्यावर संपलेली गोष्ट तिथंच संपते, वर एक ठेवला म्हणजे पुढं चालते, असं त्यांच्या आजीपासून ते ऐकत आलेले. ठेवला त्यांनी वर एक. ग्रामपंचायतीसमोर फ्लेक्स लागलं, "ठिपके १००१", आणि गावातल्या बायांच्या जिवाला घोर लागला. चाळीस पंचवीस बसवले तर एक उरतो. पन्नास वीस बसवले तरी एक उरतो. तो मेला एक कुठं ठेवायचा?

"बदला ना गा भाऊ," बाया दुकानात जाऊन म्हणाल्या.

"फ्लेक्स छापून झालं," कमलेशभाऊ म्हणाले.

शेवटी रत्नमालाबाईंचा मुलगा कुलदीप पुढं आला. तो भंडाऱ्याला राहून पोलीस भरतीची तयारी करत होता, सुटीवर आलेला. त्यानं दोननं भागून पाहिलं, तीननं पाहिलं, पाचनं पाहिलं आणि जाहीर करून टाकलं, "मूळ संख्या हाय ही. एकानं भाग जाते नाईतर तिच्या तिनंच. एक हजार एक ठिपक्याची एकच लंबी ओळ काढा, पार साकोलीपर्यंत."

सगळ्या हसल्या. फक्त त्यांच्या शेजारच्या सत्यभामाबाई हसल्या नाहीत. रत्नमालाबाईंच्या पोरानं काही म्हणावं आणि सत्यभामाबाईंनी ते मुकाट ऐकून घ्यावं, असं त्या गल्लीत तीस वर्षांत झालं नव्हतं.

"होत कशी नाई?" त्या म्हणाल्या. "माही सून दहावीत गणितात एक्याण्णव मार्क घेऊन पास झाली. ते करून दाखवते."

"आन् नाई झालं तं?" रत्नमालाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"तं मंडईच्या दुसऱ्या दिवशी तुह्या आंगनात मी सडा टाकीन. झालं तं तू माह्या आंगनात टाकजो."

उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि जिच्या जिवावर ही पैज लागली, ती चंदा तिथंच मागं उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण चंदाला दहावीच्या गणितात एक्याण्णव नव्हते पडले. पस्तीस पडले होते.

हा प्रताप तिच्या चंद्रकुमारमामांचा. मामांनी हे लग्न जुळवलं. सिहोऱ्याला चंदाच्या माहेरी पाहुणे बसले असताना सत्यभामाबाईंनी सहज विचारलं, पोरगी अभ्यासात कशी? मामांच्या तोंडून निघून गेलं, "गणितात एक्याण्णव!" का एक्याण्णव, हे त्यांनाही सांगता येईना. नव्वद म्हटलं असतं तर कोणालाही खोटं वाटलं असतं, वर एक ठेवला म्हणजे खरं वाटतं, असं ते नंतर म्हणाले. हा वर एक ठेवायचा रोग आपल्याकडे सगळ्यांनाच. तो आकडा ऐकला आणि सत्यभामाबाईंचा चेहरा असा उजळला, की चंदाला तो विझवता येईना. आज सांगू, उद्या सांगू करता करता लग्न झालं, आठ महिने झाले. नवरा अमर लाखनीला राईस मिलमध्ये. त्याला तिनं सांगितलं, तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "आईले तूच सांग. मले जीव प्यारा हाय."

सासू खाष्ट असती तर चंदानं कधीच सांगून टाकलं असतं. पण ही सासू पहिल्या दिवशी म्हणाली होती, "चौथीतून काढलं मले, बाई. भागाकार यायचाच होता, तेवढ्यात म्हशी हाती दिल्या. आता तू आली, घरात गणित आलं." त्या दिवसापासून दुधाचा हिशेब असो की लग्नातल्या पंगतीचा, "चंदाले इचारा" हे ठरलेलं. चंदा आत जाऊन बोटांवर मोजायची, पदराआड पुन्हा मोजायची, मग बाहेर येऊन सांगायची. आठ महिने निभावलं होतं. आता मंडईला चार दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी तिनं न्हाणीत जाऊन मोबाईल काढला. दोननं भागलं, पाचशे पूर्णांक पाच. तीननं भागलं, तीनशे तेहतीसच्या पुढं टिंब आणि आकड्यांची रांग. चारनं, पाचनं, सहानं, सगळीकडे ते टिंब हजर. पुटपुटत पुढचा आकडा दाबणार, तोच बाहेरून सासूचा आवाज आला, "आत कोणाशी बोलून राहिली व?"

चंदानं मोबाईल झटकन पोलक्यात खुपसला. एक्याण्णव मार्कवाली सून मोबाईलवर भागाकार करते, हे दिसलं तर संपलंच की! रात्री तो मोबाईल अमर मिलवर घेऊन गेला, त्याचा स्वतःचा तांदळाच्या पोत्याखाली येऊन फुटला होता. गावात दुसऱ्या कोणाला विचारावं, तर विचारणं म्हणजे कबुली देणं. शाळेचे गुरुजी दिवाळीच्या सुटीत गावाला गेलेले. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई उशिराचा भारी धान कापायला गेल्या. जाताना गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तू कामाले हात नोको लावू. तू गणित कर." त्यांची पाठ वळताच चंदानं डब्यातलं लाखोळीचं कडधान्य काढलं आणि एक हजार एक दाणे मोजले. दोनदा मोजले. मग मागच्या सारवलेल्या अंगणात ती दाणे मांडत बसली. भागाकार येत नसला, तरी ओळी मांडता येतात. मोठा माणूस जे डोक्यात करतो ते आपण जमिनीवर करू, असं तिनं मनाला समजावलं.

दहा-दहाच्या ओळींचं अख्ख्या गावाला माहीत होतं, म्हणून तिनं नऊपासून धरलं. नऊच्या एकशे अकरा ओळी झाल्या आणि दोन दाणे उरले. सगळे गोळा केले. आठच्या एकशे पंचवीस ओळी मांडल्या, एक उरला. पाठ धरली, गुडघे भरले, एक कोंबडी तीन दाणे खाऊन गेली ते पुन्हा भरावे लागले. ऊन उतरायला लागलं. तिनं सगळे दाणे पुन्हा सुपात घेतले आणि पुढची मांडणी सुरू करायला हात उचलला.

"चंदा."

मागं सत्यभामाबाई उभ्या. हातात विळा, डोक्याला धानाचा भुसा. काम लवकर आटोपलं होतं.

"हे काय करून राहिली?"

चंदानं सूप खाली ठेवलं. काहीही सांगता आलं असतं. दाणे निवडते आहे म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण आठ महिन्यांचा तो एक्याण्णवचा आकडा तिच्या छातीवर नुसता धोंडा होऊन बसला होता, आणि त्या क्षणी तिला त्याचा इतका वीट आला की ती बोलून गेली, "आई, मले एक्याण्णव नाई पडले. पस्तीस पडले होते."

सत्यभामाबाईंनी विळा हळूच कुडाला खोचला.

"पस्तीस?"

"हो."

"बरोबर पस्तीस, का त्यात बी मामानं टाकले?"

"नाई. पस्तीसच."

त्यांनी डोक्यावरचा भुसा झाडला. मग बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज चढला नाही, आणि चंदाला तेच जास्त लागलं. "वरातीत सांगलं मी. हळदीत सांगलं. पार लाखनीच्या दवाखान्यात त्या नर्सबाईले बी सांगलं. आन् तू आयकत उभी राहत होती. मले काहून नाई सांगलं व?"

"तुमी एवढ्या हरकून सांगत होत्या," चंदा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मले वाटलं, आकडा गेला तं तुमची माया बी जाईल."

"बावळट हायेस," सत्यभामाबाई म्हणाल्या. डोळे त्यांचेही भरले होते, पण ते त्यांनी भुशावर ढकललं, पदरानं तोंड पुसलं आणि मटकन खाली बसल्या. "आठ महिने हिशेब कसे सांगत होती मंग? एक तं चुकला नाई."

"आत जाऊन बोटावर मोजत होती. दोनदा."

"दोनदा!" त्या म्हणाल्या आणि एकदम हसल्या. राग गेला होता असं नाही. पण चार दिवसांवर सडा होता, आणि रत्नमालाच्या अंगणात वाकायचं या विचारापुढं बाकी सगळे राग लहान होते. "आण ते सूप इकडं. मले भागाकार येत नाई, तुले बी येत नाई. रांगोळी तं येते ना दोघींले?"

सत्यभामाबाई गेली चाळीस वर्षं दिवाळीला दारात एकच रांगोळी काढत आल्या होत्या. तेरा ठिपके, सात ओळी, कमळांची. आईनं शिकवलेली. हात दुसरं काही मांडायला तयारच नव्हता. त्यांनी दाणे घेतले आणि तीच मांडली. तेरा-तेराच्या सात ओळी. मग तिला लागून खाली दुसरी. तिसरी. चंदा सुपातून मुठी भरून देत होती, त्या मांडत होत्या. अंगणात कमळांच्या ठिपक्यांचा पट्टा लांबत चालला. सात झाल्या, आठ झाल्या, नऊ झाल्या. सूप रिकामं होत आलं. दहावी झाली. अकरावीची शेवटची ओळ आली तेव्हा चंदानं सूप जमिनीवर पालथं केलं आणि उरलेले दाणे सासूच्या हातात दिले.

तेरा होते. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"माय व!" सत्यभामाबाई म्हणाल्या. "बसले?"

"बसले," चंदा म्हणाली. तिचा विश्वास बसेना, म्हणून सवयीप्रमाणे ती पुन्हा मोजायला बसली. एका रांगोळीत किती ठिपके? तेरा, सव्वीस, एकोणचाळीस, बावन्न, पासष्ट, अठ्ठ्याहत्तर... आणि सातव्या ओळीच्या टोकाशी तिचं बोट थांबलं.

"आई, एका रांगोळीत एक्याण्णव हायेत."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मामांनी उचलून ठोकलेला आकडा अकरा वेळा मांडला, की कमलेशभाऊंचा एक हजार एक बरोबर भरत होता! आठ महिने ज्या आकड्यापासून चंदा तोंड लपवत होती, त्याच्यातच उत्तर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोघी अशा हसल्या की शेजारून रत्नमालाबाईंनी कुडावरून डोकं काढून पाहिलं.

हसू ओसरल्यावर सत्यभामाबाईंनी डब्यातले मूठभर दाणे उचलले, पस्तीस मोजून बाजूला घेतले आणि उगाच चाळा म्हणून मांडायला लागल्या. पाच-पाचच्या ओळी लावल्या. किती झाल्या ते पाहिलं, शेजारच्या एक्याण्णवकडे पाहिलं, पुन्हा इकडे पाहिलं.

"पाय ना व. इथं बी सात ओळी, तिथं बी सात. तुह्या मामानं ओळी नाई वाढवल्या. फक्त लंब्या केल्या."

सात! चंदाला न्हाणीतला मोबाईल आठवला. तिथं सहावर थांबली होती. आज नऊ झाले, आठ झाले, आणि पुन्हा त्याच्याच दारातून परत फिरली होती. तिनं कपाळाला हात लावला.

मंडईच्या दिवशी शाळेच्या मैदानात बाया सकाळपासून वाकलेल्या. बहुतेकींनी हजार मांडून उरलेल्या एकाची आपापल्या परीनं सोय लावली होती. कोणी तो मधोमध "शगुनाचा" म्हणून ठेवला, कोणी त्यावर आंब्याचं पान टाकलं. रत्नमालाबाईंनी चाळीस पंचवीसचा देखणा मोर काढला आणि उरलेल्या ठिपक्यावर पणती ठेवून दिली. कमलेशभाऊंनी पणती उचलली, खाली पाहिलं, पुन्हा ठेवली आणि पुढं गेले.

चंदा आणि सत्यभामाबाईंची रांगोळी भिंतीकडेला पायवाटेसारखी लांब पसरली होती. रुंदीला तेरा ठिपके, लांबीला सत्त्याहत्तर ओळी, अकरा रांगोळ्यांची कमळं एकात एक गुंफलेली. कुलदीप स्वतः मोजायला बसला. मोजून उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "एक हजार एक," तो म्हणाला. "पण ते तं मूळ संख्या..."

"मूळ संख्येले दोनच विभाजक असते ना, कुलदीपभाऊ?" चंदा म्हणाली. तीन दिवसांत तिनं दाण्यांशी पुरती ओळख करून घेतली होती. "याले आठ निघाले. सात, अकरा, तेरा. मंग त्याईचे आपसात गुणाकार, सत्त्याहत्तर, एक्याण्णव, एकशे त्रेचाळीस. आन् एक, आन् हा स्वतः. तुमी पाचवर थांबले, सातपर्यंत गेलेच नाई. मी बी दोन खेपा नाई गेली."

गुंड चंदाला मिळणार हे ठरलंच होतं. कमलेशभाऊंनी माईक हातात घेतला. समोर अर्धं गाव, घरोघरचे पाहुणे, आणि पुढच्या रांगेत जिलेबी खात बसलेले चंद्रकुमारमामा. "दहावीत गणितात एक्याण्णव मार्क घेतलेल्या आपल्या सूनबाई," कमलेशभाऊ गरजले, "सांगा बरं, हे कसं सोडवलं?"

माईक चंदासमोर आला. घरात कबूल करणं वेगळं. इथं खरं बोलली तर सासूची गावभर केलेली फुशारकी मातीत जाते, आणि गप्प बसली तर तोच धोंडा पुन्हा छातीवर, तोही जन्मभर. तिनं सत्यभामाबाईंकडे पाहिलं.

सत्यभामाबाई उठल्या. गर्दीतून वाट काढत आल्या आणि कमलेशभाऊंच्या हातून माईक काढून घेतला.

"एक्याण्णव नाई," त्या म्हणाल्या. "पस्तीस."

पाळण्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

"पस्तीस मार्क हायेत माह्या सुनेले," सत्यभामाबाई पुढं म्हणाल्या, आणि आठ महिने ज्या तोऱ्यात त्या एक्याण्णव म्हणायच्या, त्याच तोऱ्यात म्हणाल्या. "एक्याण्णववालीनं सोडवलं असतं तं त्यात काय मोठं? पस्तीसवालीनं सोडवलं! एक एक दाणा मोजून, दोन-दोनदा. हाय कोणाच्या घरी अशी?"

आधी कमलेशभाऊ हसले, मग सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. चंद्रकुमारमामा अर्धी जिलेबी तोंडात आणि अर्धी हातात धरून पाळण्यांच्या दिशेनं हळूच सटकले. चंदा गुंड पोटाशी धरून रडत होती आणि आपण रडतो आहोत हे कोणाला दिसतंय याची तिला आज अजिबात पर्वा नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रत्नमालाबाई शेणाची बादली घेऊन आल्या. पैज ती पैज. सत्यभामाबाईंनी आधी त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला, मग सडा टाकू दिला, आणि कोपरे राहिले हेही दाखवलं. सडा वाळल्यावर चंदा रांगोळीचा डबा घेऊन आली. कमळांची मोठी रांगोळी नाही काढली तिनं. पाच ठिपके, सात ओळी, एवढीच लहानशी.

रत्नमालाबाईंनी कमरेवर हात ठेवून मोजली. "हे तं पस्तीसच भरले व."

"मंग?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "तेवढेच हायेत आमच्याकडं."

चंदानं मधोमध हळदकुंकू वाहिलं आणि नवा गुंड घेऊन ती नळावर पाण्याला गेली.